निनव्याच्या पाट्या आणि नोहाचे तारू

उत्पत्तीच्या पुस्तकात सहाव्या अध्यायापासून नवव्या अध्यायापर्यंत जी जलप्रलयाची कथा येते, तिचे वाचन यहुद्यांच्या सभास्थानांतून आणि ख्रिस्ती देवळांतून शतकानुशतके होत आले. परंतु एवढ्या दीर्घ काळात त्या कथेचा संदर्भ कोणता, या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वाचकांनी त्याच पोथीची मागची-पुढची पाने उलटून शोधले. कथेच्या आधी काइनाने केलेला भावाचा वध आहे, कथेनंतर बाबेलचा बुरूज आहे, आणि या दोहोंच्या मध्ये मनुष्यांच्या दुष्टपणाला विटलेल्या ईश्वराने एक कुटुंब वगळून पृथ्वी धुऊन काढल्याचा वृत्तांत आहे. एवढे ध्यानात घेतले की भाष्यकाराचे समाधान होत असे. शंकेखोर तेव्हाही होतेच. दुसऱ्या शतकात आपेल्लेस नावाच्या एका पाखंडी पंडिताने, तारवाची जी मापे मोशेने दिली आहेत ती खरी धरली तर आत जेमतेम चार हत्ती मावतील, असा हिशेब मांडला. त्यावर ऑरिजेनसारख्या प्रकांड विद्वानाने उत्तर दिले ते असे, की मोशे मिसर देशातील विद्येत निष्णात असल्यामुळे त्याचा हात हा भूमितिज्ञांचा हात, म्हणजे सामान्य हाताच्या कित्येक पट लांब, समजला पाहिजे. पुढे 1650 साली आर्चबिशप अशर यांनी प्रलयाचे साल इ. स. पू. 2349 असे निश्चित करून टाकले, आणि त्यांची कालगणना इंग्रजी बायबलांच्या समासात छापली जाऊ लागल्यावर तीही जणू मूळ संहितेचाच भाग होऊन बसली.

बाबेलमध्येही अशीच एक कथा सांगितली जाते, ही गोष्ट मात्र सर्वस्वी अज्ञात नव्हती. इ. स. पू. तिसऱ्या शतकात बेरोसस नावाच्या बाबेली पुरोहिताने आपल्या देशाची बखर ग्रीक भाषेत लिहिली होती. मूळ ग्रंथ नष्ट झाला, तरी युसेबियससारख्या ख्रिस्ती इतिहासकारांनी केलेल्या उताऱ्यांतून तीत आलेला क्सिसुथ्रॉस राजा, त्याची नौका आणि त्याने सोडलेले पक्षी वाचकांच्या परिचयाचे होते. पण ग्रीक राजांच्या अमदानीतील या पुरोहिताची साक्ष फार उशिराची, सबब त्याने मोशेचीच कथा ऐकून बिघडवली असणार, असा निकाल देऊन चर्चचे पंडित मोकळे झाले होते.

पहिला खरा छेद दिला तो एका वैद्याने. झां आस्त्रुक हा फ्रान्सच्या पंधराव्या लुईच्या पदरचा वैद्य; गुप्तरोगांवरील त्याचा ग्रंथ त्या काळी प्रमाणभूत मानला जाई, आणि शरीराची फोड करून रोगाचे मूळ शोधण्याची सवय त्याच्या हाडीमांसी खिळलेली असावी. 1753 साली त्याने निनावी छापलेल्या पुस्तकात उत्पत्तीची अशीच फोड केली. काही परिच्छेदांत ईश्वराला केवळ ‘देव’ म्हटले आहे आणि काहींत त्याचे खास नाव घेतले आहे, ही गोष्ट मराठी बायबलाच्या वाचकालाही ‘देव’ आणि ‘परमेश्वर’ या शब्दांच्या अदलाबदलीवरून ताडता येते; आस्त्रुकने त्या खुणेवरून मजकूर निरनिराळ्या स्तंभांत मांडला, तेव्हा प्रलयाच्या एका कथेच्या जागी जवळजवळ दोन कथा उभ्या राहिल्या. एकीत प्रत्येक जातीचे एकेक जोडपे तारवात जाते, दुसरीत शुद्ध पशू सात-सात घेतले जातात. एकीत चाळीस दिवस पाऊस पडतो, दुसरीत दीडशे दिवस पाण्याचा अंमल चालतो. गंमत अशी, की आस्त्रुकला मोशेचे कर्तृत्व नाकारावयाचे नव्हते. ते नाकारणाऱ्या स्पिनोझाप्रभृतींना उत्तर देण्यासाठीच, मोशेने जुनी दफ्तरे समोर ठेवून ग्रंथ रचला, असे त्याला सिद्ध करावयाचे होते. त्याने दिलेले हत्यार पुढे सव्वाशे वर्षे जर्मन विद्यापीठांत परजले गेले आणि 1878 मध्ये युलिउस वेलहाउझेनच्या ग्रंथात त्याला अखेरची धार आली. त्यात मोशेचे कर्तृत्व तर उरले नाहीच, शिवाय वेलहाउझेनला धर्मोपदेशक घडविण्याच्या कामी आपण अपात्र आहोत असे वाटून 1882 साली धर्मशास्त्राच्या अध्यासनाचा राजीनामा द्यावा लागला.

हा सारा उद्योग अभ्यासिकेत, छापील पुस्तकावर चालला होता. कथेच्या शेजाऱ्यांचा पत्ता लागला तो निराळ्याच मार्गाने, आणि त्या मार्गावरचे एक महत्त्वाचे ठाणे मुंबई हे होते, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणाच्या ध्यानात नसते. क्लॉडियस जेम्स रिच हा कंपनीच्या मुंबई इलाख्यातील तरुण नोकर 1807 मध्ये मुंबईस आला, तेथील रिकॉर्डर सर जेम्स मॅकिंटॉश यांच्या घरी उतरला, 1808 च्या आरंभी त्यांच्या कन्येशी विवाहबद्ध झाला आणि लागलीच बगदादच्या वकिलातीवर रुजू होण्यासाठी निघाला. हे मॅकिंटॉश म्हणजे 1804 साली मुंबईत ज्यांनी विद्वत्सभा स्थापिली, आणि जिचे पुढे एशियाटिक सोसायटीत रूपांतर झाले, तेच गृहस्थ. सासऱ्याचा हा व्यासंग जावयाच्या अंगी चांगलाच उतरला. वकिलातीच्या कामातून सवड काढून रिचने 1811 मध्ये बाबेलच्या अवशेषांचे मोजमाप केले, 1820 मध्ये मोसुलसमोरच्या टेकाडांची पाहणी केली, आणि पुढच्याच वर्षी शिराझ येथे पटकीने तो दगावला. त्याचा संग्रह लंडनच्या ब्रिटिश म्युझियमने विकत घेतला; त्यानंतर कैक वर्षे बाबेल आणि निनवे या दोन महानगरांचे जे काही इंग्लंडात होते ते सारे एका तीन फुटी पेटीत मावत असे.

रिचनंतरचा रॉलिन्सन हाही मुंबईच्याच फौजेतला. 1827 मध्ये सतरा वर्षांचा हा पोरगा ज्या जहाजाने हिंदुस्थानात आला त्यावर मुंबईचे नवे गव्हर्नर सर जॉन माल्कम हेही होते, आणि इराणचा इतिहास लिहिणाऱ्या त्या मुत्सद्द्याने प्रवासातच त्याला इराणचे वेड लावले, असे सांगतात. मुंबईत फारशी, हिंदुस्थानी व मराठी शिकून रॉलिन्सन इराणात गेला, आणि बेहिस्तूनच्या कड्यावर दारयवेश राजाने तीन भाषांत कोरविलेला लेख, प्रसंगी शिडीच्या शेवटच्या पायरीवर तोल सांभाळून, उतरून काढू लागला. ज्या भागापर्यंत त्याला स्वतःला पोचता येईना, तेथे 1847 मध्ये एका कुर्दी मुलाने खडकाच्या भेगांत खुंट्या ठोकून, दोराला लोंबकळत, ओल्या कागदाचे ठसे घेतले. त्या मुलाचे नाव कोणीच नोंदवून ठेवले नाही. या ठशांवरून आणि आयर्लंडातील हिंक्स नावाच्या पाद्र्याने घरबसल्या केलेल्या कामावरून कीलाकार लिपीतील बाबेली भाषा हळूहळू उलगडत गेली. वाचणाऱ्यांवर लोकांचा विश्वास नव्हता. म्हणून 1857 साली रॉयल एशियाटिक सोसायटीने एकच लेख चौघांना स्वतंत्रपणे वाचावयास देऊन मोहोरबंद लखोट्यांतून उत्तरे मागविली, आणि ती बव्हंशी जुळल्यावर मगच या विद्येला सनद मिळाली.

दरम्यान लेयार्ड नावाच्या इंग्रजाने अश्शूरच्या निम्रूद येथे उत्खनन सुरू केले होते. तेथील शिल्पे फुगवलेल्या कातड्यांच्या तराफ्यांवरून तैग्रिस नदीने बसऱ्यास आणि तेथून जहाजाने मुंबईस येत. 1848 मध्ये अशा काही पेट्या मुंबईत उघडल्या गेल्या, गोऱ्या मंडळींनी आतल्या चिजांचे प्रदर्शन मांडले, व्याख्याने झडली, आणि पेट्या पुन्हा बांधताना इतका गोंधळ झाला की लंडनला पोचलेला माल पाहून लेयार्डने कपाळाला हात लावला. त्या मालात शल्मनेसेर राजाचा काळा स्तंभ होता. अश्शूरच्या सम्राटापुढे भुईला कपाळ टेकणारा एक दाढीवाला मांडलिक त्यावर कोरलेला आहे, आणि हा मांडलिक म्हणजे दुसऱ्या राजांच्या पुस्तकात ज्याच्या रथाचा धडाका वर्णिला आहे तो इस्राएलचा राजा येहू होय, हे 1851 मध्ये कळले. तेव्हा, बायबलातील एका राजाचे समकालीन चित्र मुंबईकरांनी पाहिले होते, पण त्यावरील नाव वाचणारा माणूस त्या वेळी जगात कोठेच नव्हता. अश्शूरी शिल्पपटांचा एक छोटा संग्रह मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आजही पाहावयास मिळतो. आपले लोक त्यावरून बहुधा घाईने पुढे जातात.

पण शिल्पांनी प्रलयकथेवर प्रकाश पडण्याजोगा नव्हता. तो पडला मातीच्या पाट्यांनी. लेयार्डला मोसुलसमोरच्या कुयुंजिकच्या टेकाडात, म्हणजे जुन्या निनव्यात, सन्हेरीब राजाच्या प्रासादातील दोन दालनांत, अशा पाट्यांचा फूटभर उंचीचा थर लागला. राहिलेला भाग हाती लागला तो होर्मुझ्द रस्सामच्या. हा मोसुलचाच रहिवासी, जन्माने खल्दी ख्रिस्ती, लेयार्डचा उजवा हात. टेकाडाचा उत्तरेकडचा भाग तहाने फ्रेंचांच्या वाट्याला दिलेला होता. रस्सामला मात्र खजिना तेथेच असल्याची खात्री होती. 1853 च्या डिसेंबरात त्याने विश्वासू मजूर निवडले, दिवसा काहीच न करता रात्री खणावयास लावले, आणि दोन-तीन रात्रींत सिंहाच्या शिकारीचे ते जगप्रसिद्ध शिल्पपट उघडे पडल्यावर, जो प्रथम सापडेल त्याचा हक्क, हा रिवाज पुढे करून फ्रेंचांना वाटेला लावले. ही अशुरबनिपाल राजाची वास्तू; आणि तिच्या दालनांतील राडारोड्यात त्याचे ग्रंथालय हजारो तुकडे होऊन पडलेले होते. (हाच रस्साम पुढे मुंबई सरकारच्या अंमलाखालील एडन येथे नोकरीस लागला, हबशी बादशहाकडे वकील म्हणून गेला, तेथेच कैदेत पडला, आणि त्याच्या सुटकेसाठी मुंबईहून नेपियरची फौज हत्तींसह रवाना झाली, पण तो विषय वेगळा.) इंग्रजांच्या बखरीत मात्र निनव्याचे श्रेय त्याच्या वाट्याला फारच कमी आले, आणि उतारवयात त्याला आपल्या अब्रूसाठी कोर्टाची पायरी चढावी लागली.

हे तुकडे म्युझियमच्या पेट्यांत जवळजवळ वीस वर्षे निजून राहिले. त्यांना जाग आणणारा जॉर्ज स्मिथ हा विद्यापीठाचा पंडित नव्हता. 1840 साली एका गरीब घरात जन्मलेल्या या मुलाला चौदाव्या वर्षी नोटांचे ठसे कोरण्याच्या कारखान्यात उमेदवारीस घातले; बारीक रेघांतला सूक्ष्म भेद टिपणारी नजर त्याला त्या धंद्याने दिली. जेवणाच्या सुटीत तो म्युझियम गाठी आणि तेथील पाट्यांपुढे उभा राही. रॉलिन्सनची नजर त्याच्यावर गेली, प्रथम तुकडे जुळविण्याचे किरकोळ काम आणि 1867 मध्ये कायमची जागा त्याला मिळाली. 1872 च्या नोव्हेंबरात पुराणकथांच्या तुकड्यांची वर्गवारी करीत असता एका पाटीच्या मधल्या स्तंभात त्याला एक जहाज डोंगरावर टेकल्याचा, आणि कबुतर सोडल्यावर ते विसाव्याला जागा न मिळाल्यामुळे परत आल्याचा उल्लेख दिसला. पाटीवर चुन्यासारखे कीट चढलेले. ते काढणारा कारागीर नेमका परगावी. तो येईपर्यंत या तापट, नाजूक प्रकृतीच्या माणसाने दिवस कसे काढले असतील, याची कल्पना करावी. पाटी स्वच्छ होऊन हाती आली तेव्हा चार ओळी वाचून स्मिथ ओरडत खोलीभर धावू लागला आणि अंगातले कपडे काढू लागला, अशी आख्यायिका म्युझियममधील पुढच्या पिढीतील एका पंडिताने लिहून ठेवली आहे. ती खरी असो वा तिखटमीठ लावलेली. 3 डिसेंबर 1872 रोजी बायबली पुरातत्त्वाच्या मंडळीपुढे त्याने निबंध वाचला तेव्हा पंतप्रधान ग्लॅडस्टन श्रोत्यांत बसले होते, हे निश्चित. ज्या काव्यातील ही पाटी, त्याच्या नायकाचे नाव स्मिथने ‘इझ्दुबार’ असे वाचले होते. ते गिल्गामेश आहे, हे कळावयास 1890 साल उजाडले. नावे चुकली होती, पण कथा बरोबर लागली होती.

वृत्तपत्रांत एकच गहजब उडाला. पाटीचा काही भाग फुटून गेला होता. तो निनव्यातच असणार, तेव्हा स्मिथने जाऊन शोधावा, खर्चासाठी एक हजार गिनी आम्ही देतो, असे ‘डेली टेलिग्राफ’ने जाहीर केले. ही कल्पना ज्यांच्या डोक्यातून निघाली ते एडविन आर्नोल्ड पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे प्रिन्सिपल राहून गेलेले. हितोपदेशाचे त्यांनी केलेले इंग्रजी रूपांतर पुण्याच्या मुक्कामाचेच फळ, आणि बुद्धचरित्रावरील त्यांचे काव्य पुढचे. स्मिथ जानेवारी 1873 मध्ये निघाला, तुर्की सरकारचे फर्मान हाती येईपर्यंत काही आठवडे तिष्ठला, आणि कुयुंजिकला जुन्या चरांतील माती उपसू लागल्यावर आठवड्याच्या आतच, 14 मे रोजी, जहाज बांधून त्यात काय भरावे याची आज्ञा असलेला सतरा ओळींचा तुकडा त्याच्या हाती लागला. जगातल्या कोणत्याही पेढीवर इतक्या लवकर हुंडी वटली नसेल. मालकांचे पैसे वसूल झाले. स्मिथच्या मनात आणखी खणावयाचे होते, पण त्याच्या तारेत त्याने न लिहिलेले, हंगाम संपत आल्याचे शब्द छापून आले आणि तो परत फिरला. पुढच्या एका मोहिमेत आमांशाने त्याला गाठले आणि 19 ऑगस्ट 1876 रोजी अलेप्पो येथे छत्तिसाव्या वर्षी त्याचा अंत झाला.

त्यानंतरच्या अर्धशतकाचे वर्णन थोडक्यात आटोपावे, हे बरे. पाट्यांना साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे करून एका पक्षाने बायबलाच्या सत्यतेचा दाखला मिळाला म्हणावे, आणि दुसऱ्या पक्षाने चोरीचा माल पकडला म्हणावे, असा हा खटला चालला. 13 जानेवारी 1902 रोजी बर्लिनमध्ये खुद्द कैसरच्या उपस्थितीत फ्रीड्रिख डेलित्शने बायबलाचे बाबेलशी असलेले ऋण सांगणारे व्याख्यान दिले. पुढच्या व्याख्यानात त्याची भाषा अधिक तिखट झाली तेव्हा कैसरलाही जाहीर पत्र लिहून अंग काढून घ्यावे लागले. 1929 मध्ये वूली या उत्खनकाने ऊर येथे आठ ते अकरा फूट जाडीचा गाळाचा थर दाखवून हाच तो प्रलय असे सांगितले. इतर शहरांत सापडलेल्या थरांचे काळ त्याच्याशी जुळेनात, तेव्हा तो दाखलाही पाण्यात गेला. दाखला मागणारे आणि दोषारोप करणारे हे दोघेही मजकूर वाचीत नव्हते, त्याची उलटतपासणी घेत होते, असे माझे मत आहे. हेर्मान गुंकेलसारखा एखादाच भाष्यकार, साम्य दाखविणे ही सुरुवात असून उसन्या कथेचे इस्राएलने काय केले हे पाहणे हा खरा अभ्यास होय, असे बजावीत होता.

तो अभ्यास नीट सुरू होण्यास आणखी एका पाटीमालेचा उलगडा व्हावा लागला. स्मिथने वाचलेल्या गिल्गामेशच्या अकराव्या पाटीत प्रलय का आला याचे कारणच नाही. मृत्यू टाळण्याची विद्या विचारावयास आलेल्या गिल्गामेशला म्हातारा उत्नपिश्तीम आपली जुनी हकिकत ऐकवतो, एवढाच तिचा प्रसंग. म्हणजे बायबलातील उताऱ्याला संदर्भ पुरविण्यासाठी ज्या लेखाचा डांगोरा पिटला गेला, तो स्वतःच दुसऱ्या काव्यातून उचलून आणलेला उतारा होता. ते दुसरे काव्य अत्राहसीसचे. इ. स. पू. सतराव्या शतकात, अम्मिसदुका राजाच्या कारकिर्दीत, एका शिकाऊ लेखकाने ते तीन पाट्यांवर उतरवून काढले होते. इकडेतिकडे विखुरलेले त्याचे तुकडे एकत्र करून 1969 मध्ये लॅम्बर्ट आणि मिलार्ड यांनी ते प्रसिद्ध केले. ज्या सतरा ओळींसाठी टेलिग्राफने हजार गिनी मोजल्या त्या गिल्गामेशच्या नसून याच काव्याच्या एका प्रतीच्या, हेही निष्पन्न झाले.

या काव्याचा आरंभ वेठबिगारीने होतो. थोरल्या देवांसाठी कालवे खणून कंटाळलेले धाकटे देव अवजारे जाळून संप पुकारतात, तेव्हा एका देवाला मारून त्याच्या रक्तात माती कालवून माणूस घडविला जातो, तो त्या कामाचा बोजा वाहण्यासाठी. माणसे वाढतात, त्यांचा कलकलाट वाढतो, एन्लिल देवाची झोपमोड होते. तो रोगराई पाठवितो, अवर्षण पाठवितो, दुष्काळ पाठवितो, अखेरीस प्रलय. एन्की देव, इतर देवांना दिलेले वचन मोडल्याचा ठपका येऊ नये म्हणून, बोरूच्या कुडाला उद्देशून बोलतो आणि कुडापलीकडचा अत्राहसीस ते ऐकून नौका बांधतो. पाण्याखाली माणसे गेल्यावर नैवेद्य बंद पडून देव भुकेने व्याकुळ होतात, आणि पाणी ओसरून होमाचा वास सुटताच माश्यांसारखे त्याभोवती गोळा होतात. मग पुन्हा तोच प्रसंग ओढवू नये म्हणून बंदोबस्त केला जातो: काही बायका वांझ राहतील, काहींची अर्भके राक्षसीण हिरावून नेईल, काही पुजारिणींना मूल होऊ देण्याची मनाई राहील.

आता हे ध्यानात ठेवून उत्पत्तीकडे वळावे. तेथे प्रलयाचे कारण गलका नाही. पृथ्वी जुलमाने भरून गेली, हे आहे. तेथे देवाला भूक लागत नाही, तरीही आठव्या अध्यायाच्या शेवटी परमेश्वराने होमाचा सुवास घेतल्याचे वाक्य तेवढे राहून गेले आहे. जुना वाडा पाडून नवा बांधताना एखादा कोरीव खांब तसाच ठेवावा, तसे. उत्नपिश्तीम आपल्या नौकेचे दार लावणाऱ्या नावाड्याला आपला वाडा बक्षीस देतो. नोहाच्या तारवाचे दार परमेश्वर स्वतः लावतो. आणि सर्वांत मोठा फरक शेवटी आहे. टिक्वा फ्रायमर-केन्स्की या विदुषीने 1977 मध्ये दाखविले त्याप्रमाणे, बाबेली काव्य जेथे मनुष्यांची संख्या आवरण्याच्या उपायांनी संपते, नेमक्या त्याच जागी नवव्या अध्यायात देव नोहाला संततीने पृथ्वी भरून टाकण्याचा आशीर्वाद देतो, तोही एकदा देऊन न थांबता सातव्या वचनात पुन्हा. आणि या दोन आशीर्वादांच्या मध्ये मनुष्याचे रक्त सांडण्यास मनाई करणारा कायदा बसविलेला आहे. शेजारच्या कथेवाचून हा आशीर्वाद म्हणजे नुसते मंगलाष्टक वाटते. ती कथा ठाऊक असली की तो प्रतिवाद ठरतो. प्रजेची वाढ हा अपराध नव्हे, खून हा अपराध, असे कोणीतरी कोणाला तरी सुनावीत आहे. हा प्रतिवाद इ. स. पू. 586 नंतर बाबेलात नेऊन वसविलेल्या, तेथल्या कालव्यांच्या काठी राहणाऱ्या यहुद्यांनी केला असावा, असे मला वाटते. कनान देशात मगिद्दो येथे गिल्गामेशच्या पाटीचा त्या काळाहून आठनऊ शतके जुना तुकडा सापडल्यामुळे कथेचा परिचय मात्र त्याहून कितीतरी आधीचा असू शकतो.

मराठी वाचकाला येथे मनूचा मासा आठवल्याशिवाय राहणार नाही. शतपथ ब्राह्मणात तो येतो तेथेही पुराचे कारण दिलेले नाही. मासा मनूची नौका उत्तरगिरीकडे ओढून नेतो, आणि पाण्यात दिलेल्या तूप-दह्याच्या आहुतीतून इडा नावाची कन्या उभी राहते. दर्शपूर्णमासातील इडा-विधीच्या विवरणात ही कथा आली आहे, आणि ती त्या विधीसाठीच सांगितली आहे. तिच्यात पापपुण्य शोधणाऱ्याच्या हाती काही लागावयाचे नाही. खल्दी, म्हणजे बाबेली, आणि वैदिक वाङ्मयाच्या संबंधाकडे आपल्याकडे प्रथम गंभीरपणे पाहिले ते लोकमान्य टिळकांनी. भांडारकर गौरवग्रंथात 1917 साली आलेल्या त्यांच्या निबंधात अथर्ववेदातील काही दुर्बोध शब्दांचा माग बाबेलपर्यंत काढलेला आहे. त्यांचे सर्वच निष्कर्ष टिकले नाहीत. तरी मंडालेहून सुटून आलेल्या, चळवळीत आकंठ बुडालेल्या माणसाला या पाट्यांचे महत्त्व कळले होते, हे विशेष.

एक गोष्ट राहिली. बाबेली नायक बोलतो, रडतो, तक्रार करतो. नोहा मात्र आज्ञा ऐकतो, तारू बांधतो, वर्षभर पाण्यावर राहतो, होम करतो, आणि या साऱ्या काळात त्याच्या तोंडी एक शब्दही नाही. तो प्रथम तोंड उघडतो ते नवव्या अध्यायाच्या पंचविसाव्या वचनात, द्राक्षारसाच्या नशेतून जागा झाल्यावर, आणि उघडतो ते शाप देण्यासाठी. धाकट्या मुलाने, हामाने, त्याला उघडे पाहिले होते. पण शाप हामाला नाही, त्याचा मुलगा कनान याला आहे. ज्या देशात इस्राएल लोक वसले त्या देशाचे हेच नाव; तेथील मूळ रहिवाशांवरील आपल्या वर्चस्वाचा उगम त्यांनी या कथेत पाहिला. रस्साम निनव्यात रात्री चोरून खणीत होता त्याच सुमारास, अमेरिकेच्या दक्षिणेकडील संस्थानांत हेच वचन देवळादेवळांतून वाचले जाई, हाम म्हणजे आफ्रिकेतील काळे लोक असे समजावून सांगितले जाई, आणि गुलामांच्या मालकांना त्यात ईश्वरी सनद दिसे. या अर्थाचे खंडन करण्यासाठी कुयुंजिकच्या टेकाडातील एकाही पाटीची गरज नव्हती. शाप कोणाला दिला त्याचे नाव वचनातच लिहिलेले होते, आणि त्यात आफ्रिकेचा उल्लेखही नव्हता.